डावा फळा

मोठ्या सरांनी पहिल्या दिवसापासून मला एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही. मी अकोल्याची, नोकरीचं पहिलंच वर्ष. अमरावतीजवळच्या वलगावच्या पुढं आठ-नऊ किलोमीटरवर असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू व्हायला गेले, तर दारात एक पोक्त माणूस अनवाणी उभा होता. गावातलंच कोणी असेल समजून मी विचारलं, "मुख्याध्यापक कुठं आहेत?" ते म्हणाले, "तुमाले काय वाटते, कुठं असतीन?" मी म्हटलं, "ऑफिसात." "मंग पाहून या," ते म्हणाले. मी ऑफिसातली रिकामी खुर्ची पाहून परत आले, तर ते तिथंच उभे. मला भयंकर राग आला. तो राग पुढं चार-पाच महिने टिकला.

शाळा दोन वर्गखोल्यांची. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी त्यांच्याकडे. त्यांच्या खोलीत खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांचा डबा आणि जिल्ह्याचा नकाशा बसत असत. ते स्वतः कधी बसले नाहीत. चपला दाराबाहेर काढून आत जायचे. खडू चष्म्याच्या घरात ठेवायचे आणि चष्मा शर्टाच्या खिशात, त्यामुळे चष्म्याची एक काडी कायम तुटलेली. फळ्यावर इतकं बारीक लिहायचे की मागच्या मुलांना दिसूच नये. मी एकदा म्हटलं, "सर, जरा मोठं लिहा ना." ते म्हणाले, "मोठं लिहिलं त पोट्टे जाग्यावरून वाचतात. बारीक लिहिलं का उठून जवळ येतात." आणि खरंच, त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं कधीही पाहावं तर फळ्याला नाक लावून उभी असत.

मोबाईलशी त्यांचं जमत नसे. शाळेत आले की ते तो पोषण आहाराच्या तांदळाच्या कोठीत खुपसून ठेवायचे. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांचा माहिती मागणारा फोन आला की कोठी वाजायला लागे. खिचडी शिजवणाऱ्या काकू हात पुसत यायच्या, तांदळातून मोबाईल उकरून काढायच्या आणि म्हणायच्या, "सर, तुमच्या साहेबाले आज बी भूक लागली." मग तो मोबाईल सर माझ्या हातात द्यायचे आणि साहेबांशी मी बोलायचे. सगळ्या फोटोंचे, तक्त्यांचे, आजच्या आज पाठवा म्हणणाऱ्या निरोपांचे धनी मीच.

पण त्यांची खरी गंमत, किंवा खरं खूळ म्हणा, तो डावा फळा. त्यांच्या खोलीत समोरच्या भिंतीवर दोन फळे होते. उजवा शिकवायचा. डाव्यावर मुलांची उत्तरं. सोमवारी ते एक प्रश्न घालायचे आणि आठवडाभर तोच चालायचा. गणित त्यातलं, भाषा त्यातली, परिसर अभ्यासही त्यातलाच. कोणी काही उत्तर दिलं की ते जसंच्या तसं, मुलाच्याच शब्दांत डाव्या फळ्यावर जायचं. नाव लिहायचं नाही आणि पुसायचं नाही. बरोबर का चूक हे शनिवारपर्यंत सांगायचं नाही. शनिवारी सकाळच्या शाळेत सर पोरांबरोबर खाली अंथरलेल्या तट्टपट्टीवर बसायचे, एखादं मूल फळ्यापाशी उभं राहायचं, आणि आठवडाभराची एकेक ओळ पोरंच तपासायची. ज्याला बोलायचं असेल त्यानं हात वर करायचा, सरांनीसुद्धा. एकमत झालं तरच ओळ पुसली जायची.

शनिवारपर्यंत विचारलं तर त्यांचं ठरलेलं, "असं म्हणतं तू? काहून?"

मी त्यांना पुष्कळ सांगून पाहिलं की मुलांच्या डोळ्यांसमोर पाच दिवस चुकीचं उत्तर राहिलं तर तेच पाठ होईल. आम्हाला डी.एड.ला तसंच शिकवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बरोबर म्हटलं का पोरगं तिथंच थांबते. चूक म्हटलं तरी थांबते. मंग आपून बोलावं कायले?"

घरीही हाच प्रकार. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या घरी गेले होते, तेव्हा सरांच्या पत्नीनं वाण देता देता सांगितलं, "नवी नवरी होती तवा इचारलं, भाजीत मीठ कसं झालं. त म्हणतात, तुले काय वाटते? तवापासून मी त्याईले मीठ इचारतच नाई. जे घालीन ते खातात." सर बाजूच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी नुसतं पान उलटलं.

गावाला मात्र या फळ्याची चटक लागली होती. एका आठवड्यात प्रश्न होता, म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात असतात का. पोरांनी घरी जाऊन विचारलं. घरोघरी म्हशी, पण कोणी म्हणे असतात, कोणी म्हणे नसतात. सरपंच कामासाठी शाळेत आले तेव्हा पोरांनी त्यांनाच धरलं. "असतात ना बे. दाताबिगर कशी चरंन?" ते म्हणाले. सरांनी चष्म्याच्या घरातून खडू काढला आणि सरपंचांचं वाक्य 'बे' सकट डाव्या फळ्यावर उतरवलं. बातमी तासाभरात गावभर. शुक्रवारी संध्याकाळी बायामाणसं आपापल्या गोठ्यात म्हशींची तोंडं उघडून पाहत होती, असं आमच्या खिचडीवाल्या काकूंनी सांगितलं. शनिवारी खिडकीशी वीसेक माणसं जमली. चौथीतल्या एका मुलीनं जाहीर केलं की वरच्या जबड्यात पुढं दात नसतात, नुसती टणक हिरडी असते, तिनं बोट घालून पाहिलंय. सरपंच स्वतः आत आले, डस्टर घेतलं आणि आपलं वाक्य पुसून गेले. मला त्या दिवशी पहिल्यांदा सरांचं थोडं पटलं. पण थोडंच.

कारण पावसाळ्यातच त्यांना एक नोटीस आली होती. कोणी अधिकारी भेटीला आले असताना डावा फळा चुकांनी भरलेला होता. सरांनी त्यांना "शनिवारी या साहेब, समदं पुसलेलं दिसंन" एवढंच सांगितलं. खुलासा मागवला गेला. सरांनी तो दोन ओळींत लिहिला आणि पुन्हा खोलीत जाऊन अनवाणी उभे राहिले. माझ्या दृष्टीनं ते कोणालाच न घाबरणारे, थोडेसे हेकट, आणि माझ्यासारख्या नव्या बाईला अडचणीत आणणारे मुख्याध्यापक होते.

आता आचलचं सांगायला हवं. आचल तिसरीत होती. पहिलीपासून तिसरीपर्यंत ती शाळेत एक शब्द बोललेली नव्हती. हजेरीला 'हजर'सुद्धा म्हणायची नाही. शेजारची मुलगी तिच्या वतीनं म्हणायची. विचारलं की भिंतीकडे तोंड करायची. वहीत उतरवून काढायची, पण स्वतःचं काही लिहायची नाही. तिची आई आली की म्हणे, "घरी त लय बोलते मॅडम, तोंड बंद नाई राहत तिचं." मला ते खरं वाटत नव्हतं. सगळ्याच आया असं म्हणतात.

डिसेंबरात तालुक्यातून विशेष गरजा असलेल्या मुलांची यादी मागवली. मी बिनदिक्कत आचलचं नाव घातलं. माझा हेतू वाईट नव्हता. तिला वेगळी मदत मिळेल असं वाटलं. पण हेही खरं की मी ती मंद आहे असं मनात ठरवून टाकलं होतं, आणि एकदा नाव यादीत गेलं की पुढच्या प्रत्येक शाळेत ते तिच्या आधी पोचणार होतं. यादीवर मुख्याध्यापकांची सही लागते. सरांनी कागद वाचला, घडी केली आणि म्हणाले, "शनिवारी पाहू." असे दहा शनिवार गेले. तालुक्याचे तगादे मला येत होते.

फेब्रुवारी संपत आला होता. त्या सोमवारचा प्रश्न असा: सकाळी झेंड्याच्या खांबाची सावली फाटकापर्यंत जाते, दुपारी ती कुठं जाते? पोरांनी धडाधड उत्तरं दिली. उनानं आटते. सूर्य तिले खाते. जेवाले घरी जाते. खांब दुपारी लहान होते. सगळं फळ्यावर गेलं. दर तासाला दोन मुलं दोरी घेऊन मैदानात जायची, खडूनं खूण करायची, वितीनं मोजून यायची. मोजमापांची बेरीज-वजाबाकी उजव्या फळ्यावर.

मंगळवारी खिचडीच्या सुट्टीत सर माझ्या खोलीच्या दारात आले. त्यांनी मला नुसती बोटानं खूण केली. मी गेले. खिडकीतून दिसलं, खोलीत एकटी आचल होती. टाचा उंचावून नाही, उलट वाकून, फळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात काही लिहीत होती. ती बाहेर गेल्यावर आम्ही आत जाऊन पाहिलं. लिहिलं होतं: सावली खांबात वापस जाते.

 सरांचे ओठ हलत होते. ते वाक्य त्यांनी चार-पाच वेळा मनात वाचलं असावं. मग मला म्हणाले, "कोणाले सांगू नका. तिच्याकडं पाहू बी नका." बुधवारी दोरी धरायला मुलं निघाली तर आचल आपणहून उठली आणि दोरीचं दुसरं टोक धरून उन्हात उभी राहिली. बोलली नाही, पण उभी राहिली.

गुरुवारी सकाळी सरांचा फोन आला की डोळे दाखवायला अमरावतीला जातोय, आजचा दिवस तुम्ही सांभाळा. मी चारही वर्ग त्यांच्या खोलीत एकत्र बसवले. साडेबारा वाजता माझा मोबाईल वाजला. केंद्रप्रमुखांचा निरोप होता, तालुक्याचे विस्तार अधिकारी साहेब वलगावहून निघालेत, वीस मिनिटांत पोचतील.

मी काय केलं ते स्पष्टच सांगते. डस्टर घेतलं आणि डावा फळा पुसला. वरून खाली. शेवटच्या कोपऱ्यापाशी हात थांबला, ते वाक्य कोणाचं आहे हे मला चांगलं माहीत होतं. एक क्षण वाटलं, एवढं राहू द्यावं. मग वाटलं, कोऱ्या फळ्यावर एकटं ते वाक्य फारच विचित्र दिसेल, साहेब नेमकं त्यावरच बोट ठेवतील. पुसलं. वळणदार अक्षरात लिहिलं, 'सूर्य डोक्यावर आला की सावली लहान होते', आणि चारही वर्गांकडून ते तीनदा म्हणून घेतलं. साहेब आले, खूश झाले, पोरांनी एका सुरात वाक्य म्हणून दाखवलं. भेटीच्या वहीत शेरा लिहून गेले, 'फलकलेखन नीटनेटके'. नोकरीतला तो माझा पहिला चांगला शेरा. तो वाचत असताना माझं लक्ष आचलकडे गेलं. ती फळ्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होती. जाता जाता साहेबांनी यादीचं विचारलं. मी म्हटलं, सोमवारी पाठवते.

शुक्रवारी सर आले, चपला काढल्या, आत गेले आणि फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. आचल भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोरीसाठी मुलं उठली तेव्हा ती हलली नाही. मी जाऊन सगळं सांगितलं, जरा तोऱ्यातच. म्हटलं, "तुम्हाला दुसरी नोटीस आली असती सर. मी वाचवलं."

"वाचवलं," ते म्हणाले. त्यांनी चष्म्याचं घर उघडून माझ्यासमोर धरलं. "घ्या. लिहा."

"काय लिहू?"

"जे झालं ते. चूक का बरोबर, ते शनिवारी पाहू."

मला त्या घटकेला नोकरी सोडून द्यावीशी वाटली. तिसरी-चौथीची पोरं टकामका बघत होती. पण मुख्याध्यापक होते ते. मी खडू घेतला आणि डाव्या फळ्यावर लिहिलं, 'मॅडमने फळा पुसला. मुलांना विचारलं नाही.' दिवसभर पोरं फळ्याला नाक लावून ते वाचत होती. माझी पहिलीतली पिल्लंसुद्धा खिडकीतून वाचून गेली. संध्याकाळी घरी आले आणि बदलीचा अर्ज लिहायला बसले. रडलेही, लपवत नाही.

शनिवारी सकाळी सरांनी माझ्या खोलीतली मुलंही तिकडे बोलावली. ते स्वतः मुलांच्या मागं तट्टपट्टीवर मांडी घालून बसले. फळ्यापाशी कोणी उभं राहायचं हे त्या दिवशी ठरवावं लागलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. चौथीतल्या, म्हशीच्या तोंडात बोट घालणाऱ्या मुलीनं हात वर केला.

"मॅडम, काहून पुसला?"

मी उत्तर तयार करून आले होते. फळा खराब झाला होता, जागा उरली नव्हती, असं काहीतरी. ते तोंडातून निघालंच नाही. मी म्हटलं, "साहेब येणार होते. मला भीती वाटली."

"कायची?"

"चूक दिसेल. ते मला रागवतील. सगळ्यांसमोर."

 कोणी हसलं नाही. खिडकीबाहेर काकू खिचडीचं भांडं घासत होत्या, तेवढाच आवाज. आणि मधल्या रांगेतून, भिंतीच्या बाजूनं, कोणीतरी म्हटलं, "मलेबी वाटते."

आवाज मी कधी ऐकलेला नव्हता, म्हणून कोणाचा ते आधी कळलंच नाही. शेजारची मुलगी आचलकडे तोंड उघडं टाकून बघत होती, त्यावरून कळलं. आचलचं तोंड आता भिंतीकडे नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.  तीन वर्षं ही पोर काय सोसत होती, आणि मी तिला कोणत्या यादीत ढकलायला निघाले होते, हे मला तिथं, फळ्यापाशी, सगळ्यांदेखत समजलं. लाज वाटली.

मागून एक हात वर झाला. सरांचा. पोरांनी माना वळवल्या.

"बोला सर," मी म्हटलं.

ते उठून उभे राहिले, हाताची घडी घालून, जशी पोरं राहतात. "मलेबी वाटते," ते म्हणाले. "साहेब येऊन राह्यले, हे मले बुधवारी सांजंलेच समजलं होतं. मोबाईलवर आलं होतं. डोळ्याचं काई काम नव्हतं. मागच्या खेपेची नोटीस आली तवापासून झोप नाई लागत मले. म्हणून मी मॅडमले एकटं सोडून अमरावतीले निघून गेलो. बागेत बसलो होतो दिवसभर."

इतकी वाक्यं मी त्यांच्या तोंडून एका दमात कधी ऐकली नव्हती. मला राग यायला हवा होता. बुधवारपासून माहीत असताना हा माणूस मला साहेबांच्या तोंडी देऊन गेला आणि वर शुक्रवारी माझ्याच हातात खडू दिला. राग आलाही, नाही असं नाही. नंतर व्हरांड्यात मी त्यांना चार शब्द सुनावले, ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले. "शुक्रवारीच सांगाले पाह्यजे होतं," एवढंच म्हणाले. "हिंमत नाई झाली." पण ते नंतर. त्या क्षणी चौथीतली ती मुलगी उठून म्हणाली, "सर, मंग हे बी फळ्यावर लिहा लागते."

"लिहा लागते," सर म्हणाले. पोरांनी वाट करून दिली. त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला, माझ्या वाक्याखाली लिहिलं, 'साहेब येणार हे मुख्याध्यापकाला माहीत होतं. तो पळून गेला.' त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, शेवटच्या रांगेतून वाचता येईल असं. माझी ओळ पोरांनी चर्चा करून पुसली. सरांची ओळ शनिवारीच आली होती, म्हणून ती नियमाप्रमाणे पुढच्या शनिवारपर्यंत ठेवायची असं ठरलं. सावलीचा प्रश्न त्या दिवशी तसाच राहिला. यादीतलं नाव मी शाळा सुटल्यावर खोडलं. बदलीचा अर्ज दिला नाही.

आचल त्यानंतर काही पोपटासारखी बोलायला लागली नाही. सोमवारी 'हजर' म्हणाली, तेवढंच. पण स्वतःच्या तोंडानं म्हणाली.

मंगळवारी न कळवता केंद्रप्रमुख आले. गुरुवारच्या शेऱ्याचा फोटो काढायचा होता, नीटनेटक्या फळ्यासह. मी माझ्या खोलीतून धावत गेले तोवर ते डाव्या फळ्यासमोर पोचले होते. डस्टर सरांच्या हाताशीच होतं. केंद्रप्रमुखांनी सरांची ती दोन वाक्यं वाचली, पुन्हा वाचली आणि विचारलं, "हे काय आहे? कोणी लिहिलं?"

 सरांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ कॉलरीत उतरला, तो मी पाहिला. पायाची बोटं त्यांनी फरशीवर घट्ट दाबून धरली होती.

"मी," ते म्हणाले. आवाज अगदीच बारीक निघाला. भिंतीच्या बाजूला बसलेल्या आचलला काही तो ऐकू गेला नसता. म्हणून त्यांनी घसा खाकरला आणि ते पुन्हा एकदा म्हणाले.